भोगीची भाकरी आणि पाठीचा कणा

नरक चतुर्दशीच्या पहाटे आत्या माझ्या लेकीला न्हाऊ घालत होती. तेल लावून झालं, उटणं लावून झालं आणि केस धुवायला तिने लेकीला पुढे वाकवलं. मग तिचा हात पाठीवरच थांबला. "अगं, जरा दिवा आण इकडे," ती मला म्हणाली. वाकलेल्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा चांगली बोटभर वर आली होती. लेक साडेबारा वर्षांची, सातवीत. दप्तर एका खांद्याला अडकवते म्हणून असेल, असं मला वाटलं. आत्याला तसं वाटलं नाही.

एक्स-रे काढला. कणा इंग्रजी एस अक्षरासारखा दिसत होता आणि छातीमागची वक्रता २४ डिग्री भरली. आजाराचं नाव स्कोलिओसिस. माझा मोठा भाऊ पुण्यात हाडांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, वाढीचं वय आहे, ब्रेसचं माप देऊन टाकू. आत्या म्हणाली, पोरीला असा प्लॅस्टिकचा पिंजरा घालण्याआधी तीन महिने माझ्याकडे द्या, मी तिला खाऊपिऊ घालते. आत्याने साताऱ्यात तीस वर्षं मुलींना गृहशास्त्र शिकवलंय, तिच्या हाताखालून गेलेल्या बायका आज आज्या झाल्यात. मी आत्याचं ऐकलं. सुट्टीत आणि दर शनिवार-रविवारी लेक तिच्याकडे, बाकीचे दिवस तिने लिहून दिलेला आहार आमच्याकडे.

संक्रांतीच्या चार दिवस आधी दुसरा एक्स-रे काढला. ३० डिग्री.

भोगीच्या दिवशी आम्ही सगळे साताऱ्याला होतो. आत्या चुलीपुढे बाजरीच्या भाकऱ्या थापत होती, वरून तीळ लावत होती. शेजारी भोगीची भाजी रटरटत होती. दादा पाटावर बसलेला. त्या स्वयंपाकघरात जे बोलणं झालं, ते मला आठवतं तसं इथे लिहिते आहे. याच कोड्यात अडकलेल्या आयांशी गेल्या काही महिन्यांत माझं बोलणं झालं आणि प्रत्येकीच्या घरात हेच दोन आवाज आहेत.

आत्या : तू काहीही म्हण, हाड म्हणजे शेवटी अन्नच. आमच्या लहानपणी गल्लीत मुडदूस झालेली दोन पोरं होती. पाय धनुकलीसारखे, छाती कबुतरासारखी पुढे आलेली, पाठीला बाक. कुणाची होती ती? ज्यांच्या घरात दुधाचा थेंब नव्हता आणि ज्यांच्या खोलीत ऊन येत नव्हतं, त्यांची.

दादा : मुडदूस वेगळा, आत्या. त्यात हाडात चुना नीट भरतच नाही, ते मऊ राहतं आणि अंगाच्या वजनाने वाकतं. हिची हाडं मऊ नाहीत. हिचा कणा नुसता वाकलेला नाही, पिळलेला आहे. गोल जिन्यासारखा एकेक मणका थोडाथोडा फिरलाय आणि त्याच्याबरोबर बरगड्या फिरल्यात. तुला दिवाळीला दिसला तो उंचवटा त्या बरगड्यांचा. पुढे वाकवून मागून पाहायची ही तपासणी विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज सर्जनने १८६५ मध्ये लिहून ठेवली. तू ती न शिकता केलीस.

आत्या : मग मणके फिरले कशाने?

दादा : माहीत नाही. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी मुलांत कारण सापडत नाही. ते नाव तसंच आहे, 'इडिओपॅथिक', म्हणजे कारण ठाऊक नसलेला.

आत्या : कारण ठाऊक नाही म्हणतोस, आणि अन्नाने झालं नाही एवढं मात्र ठाऊक आहे?

मला हा प्रश्न तेव्हा बिनतोड वाटला होता. खरं सांगायचं तर तीन महिन्यांपूर्वी याच एका प्रश्नावर मी आत्याच्या बाजूला गेले होते. आत्या काही अडाणी हट्टाने बोलत नव्हती. तिने दादाला १९१९ सालची गोष्ट सांगितली. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबीने कुत्र्याच्या पिलांना घरात कोंडून नुसत्या धान्यावर वाढवलं, त्यांना मुडदूस झाला, आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो हटला. पुढे १९२२ मध्ये मॅककॉलमने त्या तेलातल्या गुणाला 'ड' जीवनसत्त्व असं नाव दिलं. त्याआधीही डॉक्टर होतेच ना, असं आत्याचं म्हणणं. त्यांनाही कारण ठाऊक नव्हतं. ते शेवटी ताटातच सापडलं. आज तुम्हाला ठाऊक नाही, ते उद्या ताटात सापडणार नाही कशावरून?

दादा : सापडेलही काहीतरी, मी शपथ घेत नाही. पण अन्नच मूळ कारण असतं, तर जिथे मुलं दूध-लोण्यावर वाढतात तिथे हा आजार नसायला हवा होता. स्वीडन-डेन्मार्कमध्येही तो आहे. दहा ते सोळा वयाच्या शंभर मुलांत दोन-तीन जणांना कमी-जास्त असतोच, आणि मोठी वक्रता मुलींत मुलांपेक्षा कितीतरी जास्त. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन बहिणींत एकीचा कणा वाकतो, दुसरीचा सरळ राहतो. जुळ्यांचं बघ. अगदी एकसारख्या जुळ्या असतील तर दोघींना होण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त. हे रक्तातून येतं, ताटातून नाही. बरं, जुळ्यांचं राहू दे. आपल्याच पोरीचं घे. दिवाळीत तिचं ड जीवनसत्त्व किती होतं?

मी सांगितलं, ११.

दादा : आणि आता?

३६.

दादा : ड जीवनसत्त्व ११ वरून ३६ वर गेलं, आणि कोन २४ वरून ३० वर. मोजणीत चार-पाच डिग्रीचा फरक पडू शकतो, हे मी सोडून देतो. तरी हा त्याच्या पुढचा आहे.

आत्याने तव्यावरची भाकरी उलटली आणि काही बोलली नाही. मग दादा माझ्याकडे वळला. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी मी लेकीला आठ आठवडे, आठवड्याला एक अशी दिली होती. ती त्यानेच लिहून दिलेली. पण ते संपल्यावर मी त्याच चिठ्ठीवर आणखी आठ पुड्या आणून ठेवल्या होत्या आणि त्यातली एक देऊनही झाली होती. हे ऐकल्यावर तो माझ्यावर खरोखर चिडला. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. रक्त तपासल्याशिवाय, न विचारता दुसरा कोर्स द्यायचा नाही, एवढं त्याने मला तीनदा सांगितलं. त्याच्या जोडीला मी एका आहारसल्लागाराकडून 'कणा सरळ करणाऱ्या' पावडरचे दोन डबेही आणले होते, बत्तीसशे रुपयांना. दादाने डब्यावरचं लेबल वाचलं. त्यात दुधाची पावडर, साखर, थोडं कॅल्शियम आणि झिंक होतं. कणा सरळ करणारं अन्न जगात कुठेही सिद्ध झालेलं नाही, हे वाक्य मला दिवाळीतच कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दादा म्हणतो, मी सांगितलं होतं. सांगितलं असेल. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

आत्या : मग अन्नाला काही किंमतच नाही? तुझ्याकडे येणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन किती असतं, सांग बघू.

दादा : नऊ, साडेनऊ. कधी आठ.

आत्या : हिचं ९.८ आहे. आपल्या देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत ५९ टक्के मुली रक्त कमी असलेल्या, हे सरकारनेच पाहणी करून छापलंय. आणि तुम्ही त्यांच्या अंगाला प्लॅस्टिक आवळता, उद्या गरज पडली तर पाठ उघडून सळ्या घालता. कशाच्या जोरावर? त्यांच्या हाडांना तो मार सोसायचा नाही का? शाळेत मुली चहा-बिस्किटावर यायच्या, मी बघितलंय. डबा अर्धा परत न्यायच्या. तुझ्या एक्स-रेत ते दिसतं का?

इथे दादा थोडा थांबला. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याने जे कबूल केलं ते मी मुद्दाम लिहिते. स्कोलिओसिस असलेल्या बऱ्याच मुली अंगाने बारीक असतात, त्यांच्या हाडांची घनता त्यांच्या वयाच्या इतर मुलींपेक्षा कमी भरते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय आणि ज्यांची घनता कमी, त्यांची वक्रता वाढण्याचा धोका जास्त, असं त्यांना दिसलं. घनता कमी असते म्हणून कणा वाकतो, की ज्या कारणाने कणा वाकतो त्यानेच घनताही कमी राहते, हा गुंता मात्र सुटलेला नाही. "पण तुझं बरोबर आहे," तो आत्याला म्हणाला. "आम्ही कोन मोजतो, ताट विचारत नाही. विचारायला हवं."

मग तो मुख्य गोष्टीवर आला.

दादा : माझं भांडण अन्नाशी नाही, आत्या. मला घोर आहे तो वेळेचा. मुलीची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षात. हिला अजून पाळी आलेली नाही. कमरेच्या हाडावर वाढीची खूण दिसते, ती अजून उमटलेलीसुद्धा नाही. म्हणजे सगळा धोका आत्ता आहे. वक्रता जी वाढायची ती याच दीड-दोन वर्षांत झपाट्याने वाढते आणि वाढ थांबली की ब्रेसचा उपयोग संपतो. तुम्ही तीन महिने अन्नावर काढलेत. अन्न चुकीचं नव्हतं. ते तीन महिने गेले.

आत्या : ब्रेसने नक्की थांबेल?

दादा : नक्की काही नसतं. अमेरिका आणि कॅनडातल्या पंचवीस केंद्रांत मोठी पाहणी झाली, २०१३ मध्ये ती छापून आली. दहा ते पंधरा वयाची, २० ते ४० डिग्रीची मुलं होती. ब्रेस घातलेल्या शंभरातल्या ७२ जणांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० च्या आत राहिली. नुसत्या देखरेखीवर होते त्यांच्यात ४८.

आत्या : म्हणजे न घालताही निम्मी राहिलीच की!

दादा : राहिली. पण आपली पोर त्या अठ्ठेचाळिसात असेल की बावन्नात, हे आज सांगणारा डॉक्टर जगात नाही. आणि ब्रेस घातलेल्यांतही ज्यांनी रोज तेरा तासांच्या वर घातला, त्यांच्यात शंभरात नव्वदीच्या वर यश आलं. ५० च्या पुढे गेली की वाढ संपल्यावरही ती हळूहळू वाढत राहते, मग शस्त्रक्रिया. मला तिथे जायचं नाहीये.

एवढ्यात माझी लेक दारात उभी असलेली मला दिसली. किती वेळ उभी होती, देव जाणे. ती दादाला म्हणाली, "मामा, मी ना दूध मोरीत ओतून द्यायचे. आईला माहीत नाही. त्याच्यामुळे झालं का हे?"

तीन महिने आम्ही तिच्या देखत अन्नाबद्दल बोलत होतो. हे खा, ते खा, खाल्लं नाहीस म्हणून बघ. एकाच्याही मनात आलं नाही की ही मुलगी स्वतःशी कसला हिशोब मांडते आहे. आजार कुणाच्या चुकीने झाला हे शोधायची आपल्याला सवय असते, आणि घरातल्या अन्नाचा विषय निघाला की ती चूक आईच्या नाहीतर मुलीच्या गळ्यात पडते. मी स्वतः कितीतरी रात्री हाच विचार करत जागी होते, की गरोदरपणात माझं काय खायचं राहिलं.

दादा उत्तर द्यायच्या आत आत्याच बोलली. पिठाचे हात तसेच ठेवून तिने लेकीला जवळ ओढलं. "नाही गं बाई. दूध न प्यायल्याने होत नाही हे. दप्तराने नाही, वाकडं बसल्याने नाही, कशाने नाही. तुझी काही चूक नाही, तुझ्या आईची नाही." ज्या मुद्द्यावर ती तासभर भांडत होती, तो तिने पोरीसाठी एका वाक्यात सोडून दिला. दादा गप्प बसून तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरातलं बोलणं पार बदललं. आत्याने पाटी मागवली. तेरा ते पंधरा वयाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, हैदराबादच्या पोषण संस्थेचा तो आकडा तिला पाठ आहे. लेक म्हणाली, दूध पिणार नाही, दही खाईन. आत्या म्हणाली, मग दूध नकोच. दही दोन वाट्या, ३६०. पन्नास ग्रॅम पनीर, २४०. नाचणीची एक भाकरी म्हणजे पन्नास ग्रॅम पीठ, १७५. शेवग्याचा मूठभर पाला पिठल्यात नाहीतर डाळीत, १५०. भाकरीवरचे चमचाभर तीळ, ५५. बेरीज ९८०. शंभर ग्रॅम तिळात हजाराच्या वर कॅल्शियम असतं असं सगळे सांगतात, पण शंभर ग्रॅम तीळ कोण खातं, असं आत्याच म्हणाली. मी पालकाचं नाव काढलं, तर तिने ते खोडलं. पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, अंगाला फारसं लागत नाही. रक्तासाठी मोडाच्या मटकीवर लिंबू, जेवणाआधी-नंतर तासभर चहा नाही, आणि लोहाची गोळी, ती दादाने लिहून दिली.

उन्हावरून मात्र आत्याला धक्का बसला. रोज सकाळी सातला ती लेकीला अंगणात कोवळ्या उन्हात बसवत होती. दादा म्हणाला, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच. ते लागतात अकरा ते दोनच्या उन्हात, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा. हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तीस वर्षं फळ्यावर कोवळं ऊन असं लिहिलं मी. कुणीतरी सांगायला हवं होतं रे."

आणि ब्रेस. ज्या गोष्टीत मला अन्नाची खरी गरज कळली, ती ही. ब्रेस बगलेपासून कमरेखालपर्यंत येतो आणि पोटावर दाबून बसतो. पहिल्या आठवड्यात लेक अर्ध्या भाकरीत पोट भरलं म्हणायची. घामाने बनियन भिजायचं, बरगडीजवळ कातडी लाल व्हायची. दादाने आधीच सांगून ठेवलं होतं की खूप मुली इथे खाणं कमी करतात. काही पोट दाबलं जातं म्हणून. काही ब्रेसवरून ड्रेस घट्ट बसतो, आपण जाड दिसतो, या भीतीने. आधीच बारीक हाडाची मुलगी आणखी खंगते आणि वजन बदललं की ब्रेसही सैल होतो. तेव्हा आत्या महिनाभर पुण्याला आमच्याकडे येऊन राहिली. दिवसातून तीन मोठी जेवणं बंद करून तिने सहा लहान केली. सकाळी नाचणीची आंबील, शाळेच्या मधल्या सुट्टीत पनीर घातलेली घावनाची सुरळी, संध्याकाळी ब्रेस काढायच्या वेळेत मुख्य जेवण, म्हणजे पोटभर खाता येतं. राजमा, छोले, कोबी हे रात्री नाही, पोट फुगतं आणि पट्ट्यात जीव गुदमरतो. हे कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. ब्रेस ठरवला दादाने, पण तो पोरीच्या अंगावर टिकवला आत्याने, असं मी म्हणेन.

आज लेक रोज सोळा ते सतरा तास ब्रेस घालते. ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेत वक्रता १७ दिसली. तो आकडा ब्रेसच्या आतला आहे, काढला की कणा पुन्हा त्याच्या जागी जातो. खरा आकडा वाढ पूर्ण झाल्यावर कळेल. हिमोग्लोबिन ११.६ झालं. दूध ती अजूनही पीत नाही.

तुमच्या घरात दहा ते चौदा वर्षांचं मूल असेल, मुलगी असेल तर जास्तच, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा न्हाऊ घालताना, कपडे बदलताना त्याची उघडी पाठ बघा. पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा वर दिसली, तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा. आधी नाचणी सुरू करू, मग बघू, असं म्हणत आम्ही थांबलो तसं थांबू नका. नाचणी त्याच दिवशी सुरू करा, पण डॉक्टरकडे जाणं तिच्यासाठी लांबवू नका. आणि मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, की यात त्याची काही चूक नाही.